देवी घोट्यापाशी थांबली

शांतम्माच्या तळपायात सुई गेली, अर्धी आत गेली, तरी ती हसतच राहिली! नांदेडजवळच्या त्या चपलांच्या कारखान्यापुढं जमलेल्या गर्दीतून एकच आवाज उठला, "माय गं!"

सुई टोचून देवी दाखवणाऱ्या सुईबाबानं दाढीवरून हात फिरवला. "बगा! पायात देवी उतरली हाय. मुंगी चावली तरी कळंना, हे तिचंच देणं. आता दवा-गोळी घेताल तर ती कोपंल. काम सोडताल तर घर बसंल!"

देवीला कारखान्यातल्या हजेरीची एवढी काळजी का, हे कुणी विचारलं नाही. मालक मात्र हात जोडून सगळ्यांच्या पुढं उभा होता.

जगदेवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. शांतम्मा आणि ती शेजारी बसून चपलेच्या तळांना चिकटवायचं सोल्युशन लावायच्या. धूळ चिकटते म्हणून शेडच्या खिडक्या बंद, पंखाही बंद. त्या उग्र, गोडसर वासानं दुपारपर्यंत डोकं गरगरायचं. काल रस्त्यात तिच्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच चालत राहिली. तिला कळलंच नाही. हे ती शांतम्माला सांगून बसली होती. आता बाबाचं बोट तिच्याकडं वळलं.

"हिच्यातबी उतरून राहिली!"

बाया तिच्या पाया पडायला धावल्या. जगदेवी गर्दीतून वाट काढत निघाली, ती थेट डॉक्टर तूबांच्या दवाखान्यात.

"मॅडम, माझ्यात देवी येऊन राहिली म्हणतेत. मला देवी नको. मला माझे पाय पाहिजेत."

तूबांनी तिच्या पायाच्या बोटांवरून, घोट्यावरून कापूस फिरवला; तो घोट्याच्या वर गेला तेव्हाच तिला कळला. काम काय, बसता कुठं, खिडकी उघडी असते का, सगळं विचारलं. मग त्या उठल्याच. "चला, देवीला भेटून येऊ."

गर्दी अजून पांगली नव्हती. तूबांनी शांतम्माचे डोळे पदरानं झाकले आणि नवी सुई तिच्या दंडाला जराशी टोचली.

"अय्यो!" शांतम्मा किंचाळली.

"बाबा, देवी घोट्यापाशीच थांबली का हो?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाला, "दंड... दंड तिला चालत न्हाई."

"बरं. मग दुसऱ्यांचे तळवे बघू."

बाहेर अंगणात खोकी भरणाऱ्या सरजाबाईनं पाय पुढं केला आणि नवी सुई टोचताच मागं ओढला. "दुखून राहिलं की वो!" मग सोल्युशन लावणाऱ्या आणखी दोघी पुढं आल्या. त्यांना सुईचा पत्ताच नाही.

"आतल्यांना देवी, बाहेरच्यांना न्हाई?" जगदेवी मोठ्यानं म्हणाली. "मॅडम, तो वास! आतच कोंडून ऱ्हातो तो!"

"हाव," तूबा म्हणाल्या. "सोल्युशनची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि नसा मारते. लांबच्या नसा आधी, म्हणून सुरुवात पायांपासून. हीच तुमची देवी."

बाबा कोपाची भाषा करत मालकाच्याच गाडीत जाऊन बसला, तेव्हा उरलेल्यांचेही डोळे उघडले.

खिडक्या उघडून वाफ बाहेर फेकणारे पंखे बसेपर्यंत एकही बाई आत गेली नाही. तक्रार कारखाना निरीक्षकाकडं गेली. जगदेवीचे पाय हळूहळू जागे झाले. शांतम्माचे मात्र वाफ थांबल्यावरही आधी काही दिवस आणखी बिघडत गेले. ती अजून भिंत धरून चालते.

म्हणून, चमत्कार दिसला की वाकण्याआधी विचारा: हा ठरावीक लोकांनाच का होतो, आणि त्यात भलं कुणाचं? दुखणं कळतं, तोवरच माणसाला पाय मागं घेता येतो.