वीस मिनिटांचं गाव

आमचे केदार सर भामरागडला एकदाही गेलेले नाहीत, पण तिथल्या पुराचे ते तज्ज्ञ. नागपुरात एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात. संगणकात त्यांनी तिथलं नदीकाठचं एक गाव उभं केलं. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला की पाणी चढताना दिसायचं आणि दोनशे माणसं उंचावरच्या शाळेकडे पळायची. ती वीस मिनिटांत पोचली, तर गावातला धोक्याचा भोंगा सध्याच्याच वेळी वाजत राहणार होता. नाही पोचली, तर प्रशासन तो तासभर आधी वाजवणार होतं.

मी त्याच जिल्ह्यातल्या आरमोरीची, म्हणजे सरांच्या लेखी जंगलातलीच. म्हणून गर्दी खरी वाटते का, ते बघायचं काम माझ्या गळ्यात. प्रत्येकाचे कपडे वेगळे, चेहरे वेगळे, चालही वेगळी. सर स्वतःवरच खूश. मी चष्मा घेऊन थेट त्या गावी गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या रुखमाबाईंना दाखवला. काठीशिवाय चालता येत नाही, पण जीभ तिखट.

“हे कुठचे लोकं व्हय?” त्या म्हणाल्या. “कोणी कोणाले हाका मारून नाई राह्यला. यायले मायबाप नाई का?”

मला लाज वाटली. परत येऊन मी त्या प्रत्येकाला घर दिलं, घरात माणसं दिली. आता पाणी चढलं की लोक आधी घराकडे उलटे धावायचे, म्हाताऱ्यांना पाठीवर घ्यायचे. गर्दी पहिल्यांदा खरी दिसली. वेळ लागला बावन्न मिनिटं, आणि तोवर शाळेची वाट पाण्याखाली.

“साहेबांना असलं रडगाणं नको असतं,” म्हणत सरांनी गावातले सगळे म्हातारे काढून टाकले. अठरा मिनिटांत गाव शाळेत. काय ती अक्कल. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले, त्यामुळे मला माझाही तेवढाच राग येतो.

गडचिरोलीत अधिकाऱ्यांना दाखवायच्या दिवशी, फोटोत शोभतील म्हणून, सरांनी रुखमाबाईंनाच बोलावलं. टाळ्या झाल्या. मग बाईंनी चष्मा लावला आणि मान वळवून वळवून बराच वेळ बघितलं.

“घर तं माहंच हाय,” त्या म्हणाल्या. “मी कुठी हाव?”

अधिकाऱ्यांतल्या मोठ्या मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे.

“सरनं काढलं तुमाले, बाई,” मी म्हणाले. “तुमी असल्या का वीस मिनटात होत नाई.”