पोटातला वाटा

थोरली धाकटीपेक्षा फार तर पाव तासानं मोठी, पण तेवढ्या भांडवलावर तिनं पन्नास वर्षं थोरलेपण मिरवलं होतं. जुळ्या बहिणी. चेहरे एक, आवाज एक, चष्म्याचा नंबरही एक. दमा तेवढा धाकटीला. आई म्हणायची, "थोरलीनं पोटातच धाकटीच्या वाटचा श्वास ओढून घेतला." आई बोलून मोकळी झाली, पण थोरलीच्या काळजात ते रुतून बसलं. तेव्हापासून धाकटीचं ओझं उचल, तिची भांडी घास, तिला खिडकीची जागा दे, असा कारभार.

आणि आता ही संशोधन करणारी डॉक्टरीणबाई! जुळ्यांपैकी एकीलाच दमा का, ते म्हणे रक्त सांगणार होतं. थोरलीच्या तोंडचं पाणीच पळालं. रक्तानं खरं सांगितलं तर?

पण दवाखान्याच्या दारातच तिचं डोकं चाललं. धाकटी सुईला जाम घाबरायची.

"तू बस इथं. तुझंही मीच देते."

धाकटीचं आयतंच फावलं. थोरली उजव्या हाताचं रक्त देऊन आली, बहिणीची शाल गुंडाळली, खोटं खोटं खोकली आणि डावा हात पुढे करून पुन्हा आत गेली.

"तुम्ही आत्ताच येऊन गेलात ना?" नर्सनं विचारलं.

"छे, ती थोरली. जरा आगाऊच आहे," थोरली म्हणाली.

महिन्याभरानं दोघींना बोलावणं आलं.

"जनुकं तुमची सारखीच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांच्यावर खुणा असतात. धूळ, धूर, आजारपण, अशानं त्या बदलत जातात. पन्नाशीला जुळ्यांमध्ये थोडा तरी फरक पडतोच. तुमच्यात काडीचा नाही. हे रक्त एकाच बाईचं आहे. कुणाचं?"

पितळ उघडं पडलं. थोरली ढसाढसा रडायलाच लागली.

"माझंच हो! पोटात मीच हिचा श्वास खाल्ला. ते बाहेर येईल म्हणून केलं सगळं!"

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "अहो ताई, पोटातलं बाळ नाकानं हवा घेतच नाही. त्याला सगळं नाळेतून मिळतं. खायला तिथं श्वास होताच कुठं?"

थोरलीला इतकं हलकं वाटलं की काही विचारू नका. तिनं आनंदानं वळून पाहिलं, तर धाकटी छताकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"शाळेत शिकवलं होतं. तू त्या दिवशी माझं औषध आणायला घरी गेली होतीस."

"आणि एवढी वर्षं तोंडातून चकार शब्द नाही?"

"आधी वाटलं, आयती भांडी घासून मिळतायत, कशाला बोला," धाकटी पुटपुटली. "मग भीतीच वाटायला लागली. सांगितलं तर तू माझी चौकशीच करायची थांबशील."

"मूर्ख कुठली!" थोरलीनं तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

धाकटीला ठसका लागला.

"अगं बाई!" थोरली घाबरून तिची पाठ चोळू लागली. "दम लागला का गं?"