दाराला टेकलेला झाडू

“हीटर बंद कर,” योर्दिस म्हणाली. “मला नाही थंडी वाजत.”

आर्नफिनने बंद केला. घाटाचं फाटक पडलेलं होतं. वर वादळ, म्हणून बर्फ काढणाऱ्या गाडीमागे ताफ्यानेच पलीकडे जायचं, आणि ती गाडी अजून उतरायची होती. विजेच्या गाडीचं असं की उभ्या उभ्याही हीटर बॅटरी खातो. त्यात उणे वीसची थंडी, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

गाडी घेतल्यापासून नवरा-बायकोचं भांडण हेच. तिला ऊब हवी, त्याला चार्ज वाचवायचा. तो तिच्या अंगावर घोंगडी टाकून बटण बंद करायचा, ती त्याला कंजूष म्हणायची. आज मात्र तीच बंद कर म्हणत होती.

शरद ऋतूत तिची डावी बाजू लुळी पडली आणि ती डोंगराच्या अलीकडच्या शुश्रूषागृहात आली. घर पलीकडे. त्यांच्या वस्तीत दाराला कुलूप लावत नाहीत. घरी कोणी नसलं की झाडू दाराला टेकवून ठेवतात. जाताना तिने स्वतः तो टेकवला आणि बजावलं, परत येऊन मीच काढणार. तेव्हापासून आर्नफिन मागच्या दाराने ये-जा करत होता. शेजारी हसायचे. म्हातारा घरात आहे की नाही, हे आता धुराड्याला विचारायचं म्हणायचे.

आजच्या रविवारपुरती तिला घरी जायची सुट्टी मिळाली होती.

ताफ्याचा माणूस, स्टाइनार, काचेशी आला. चार्जचा आकडा पाहून त्याने मान हलवली. हा दिवसातला शेवटचा ताफा, वर अडकलात तर तासभर उभं राहावं लागेल, असं तो म्हणाला. हीटर बंद ठेवणार असाल तरच सोडतो.

“ठेवू की,” योर्दिस लगेच म्हणाली.

आर्नफिनने घोंगडी नीट करायला हात घातला. तिचा डावा हातमोजा गळून पडला होता, बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. तिला त्याचा पत्ताच नव्हता. ती डोंगराकडे पाहत होती. त्याने ती बोटं आपल्या काखेत धरली आणि हीटर पूर्ण चालू केला.

“बंद कर ना रे. इतकी वर्षं हेच तर करत आलास.”

“आज नाही जमणार, योर्दिस.”

त्याने गाडी शुश्रूषागृहाकडे वळवली.

“कंजूष,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग जरा वेळाने विचारलं, “झाडू आहे ना तिथेच?”

“आहे. कोणाची छाती आहे हलवायची?”

दुसऱ्या दिवशी तो ताफ्यातून एकटाच घरी पोचला. रात्रीच्या वाऱ्याने झाडू बर्फात आडवा पडला होता, पुढचं दार मोकळं होतं. आर्नफिनने झाडू उचलला, झटकला, पुन्हा दाराला टेकवला आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेला.