वातुलारची चटई

तालुक्याच्या कचेरीत वातुलार गावाची सगळी माहिती एका कागदावर आहे. घरं त्रेचाळीस, विहिरी दोन, चर्च एक, शाळा एक, मोठी होडी एक. कागद भरायला आलेला कारकून जेट्टीवर उतरला, दोन शहाळी प्यायला आणि ओहोटी लागायच्या आत परत गेला. चटईसाठी त्या कागदात रकाना नव्हता, आणि आपणहून सांगावं असं गावातही कुणाला वाटलं नाही.

ओक्ताविना त्या चटईवर आज तिसरा दिवस बसून होती, आणि तिचा जीव नुसता खालीवर होत होता.

मोठी होडी तुआलच्या बाजाराला निघाली, की सुकाणू धरणाऱ्याच्या घरची बाई मधल्या खांबाशी चटईवर बसते. होडी परत येईपर्यंत तिने उठायचं नाही. ती हलली तर होडी हलते, ती उठली तर होडी उलटते. शेजारणीने दोन वेळा जेवण आणून द्यायचं, खांबाशी आडोसा करून विधीसाठी डबा ठेवायचा, बाकी देवावर. सुकाणूवाला परत आला की ओल्या पायांनी तडक घरी येतो, बाईचा हात धरतो आणि म्हणतो, "ऊठ." त्याच्याशिवाय तो शब्द कुणी म्हणायचा नाही, पाद्रीबाबांनीसुद्धा नाही. होडीला इंजिन येऊन वीस वर्षं झाली, पण चटईचा नियम तसाच राहिला.

आणि बसायची पाळी आली कुणावर, तर ओक्ताविनावर! हिच्या पायाला जन्मापासून भिंगरी. लहानपणी गावात कुणाची कोंबडी हरवली तर आधी हिला विचारायचे, कारण ही फिरली नाही अशी जागा बेटावर नव्हती. लग्नातसुद्धा प्रार्थना चालू असताना मध्येच उठून ही चर्चची खिडकी लावून आली होती. वारा येत होता म्हणे. बोनी, तिचा नवरा, आठ वर्षं मोठ्या होडीचं सुकाणू धरत होता, पण आजवर त्याच्यासाठी बसायची ती त्याची आई, सेन्सिया. गेल्या महिन्यात समुद्रशेवाळ वाळत घालताना म्हातारी मचाणावरून घसरली आणि कंबरेचं हाड मोडून बसली. आता ती खांबापलीकडच्या बाजेवर पडून असायची, आणि चटई सुनेकडे आली.

सेन्सियाची बैठक म्हणजे गावाचा अभिमान. बोनीचा बाप आंतोन शिडाच्या होडीने गेला होता, तेव्हा ती अकरा दिवस बसली होती. होडी आलीच नाही. चार बायकांनी काखेत हात घालून तिला उठवलं, तेव्हा तिचे पाय लाकूड झाले होते. समुद्राला हवं ते समुद्राने नेलं, बाईचा दोष नाही, असं त्या वेळी सगळ्यांनी म्हटलं. एकतीस वर्षं झाली, अजून पोरींना तिचाच दाखला देतात. ओक्ताविनाला तर फारच.

"अगं बाई, चुळबुळ किती ती!" पेत्रोनेला म्हणाली. ही शेजारीण. ती दुपारचं एंबाल, म्हणजे कंदाच्या पिठाची कडक भाकरी, आणि मासा घेऊन आली होती. "होडीत सगळ्यांना ओकाऱ्या होत असतील तुझ्यापायी."

"मग तू बस माझ्या जागी."

"माझा नवरा इंजिनापाशी असतो बाई, सुकाणूपाशी नाही. आम्ही घरातले सगळे सुटलो."

"फोनच्या रेंजला गेलं होतं का कुणी टेकडीवर?"

"सकाळपासून तिघं जाऊन आले. काही नाही." पेत्रोनेलाने एंबालचा कडक तुकडा कॉफीत बुडवून तिच्या हातात दिला आणि नजर दुसरीकडे वळवली. "येतील गं. वाटेत कुठे थांबले असतील. माझ्या नवऱ्याला कुठे फुकट कॉफी मिळाली, की त्याचा पाय निघत नाही."

काल सकाळी बोनीचा निरोप आला होता: निघालो. तुआलपासून वातुलार सहा तासांवर. काल दुपारी यायची होडी आज दुपारपर्यंत आली नव्हती, आणि पश्चिमेचा वारा यंदा पंधरा दिवस आधीच सुटला होता. पेत्रोनेला उसनं हसली, ताट उचललं आणि जेट्टीकडे गेली. अख्खं गाव तिथेच होतं. होडी पश्चिमेकडूनच येणार. सगळे तिकडे तोंड करून उभे, आणि मधूनमधून त्यांच्या प्रार्थनेचा आवाज वाऱ्यावर इथवर यायचा.

ओक्ताविना बसून राहिली. डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणून उजवा वर घेतला आणि लगेच घाबरली, आता होडी उजवीकडे कलली असेल. मग डावा वर घेतला. माशी नाकावर बसली, ती हाकलायची की नाही याचा विचार करता करता माशीच कंटाळून उडून गेली. काल संध्याकाळी तिला एक शिंक आली होती. जोरात, सगळं अंग हलवणारी. तेव्हापासून ती शिंक तिच्या डोक्यातून जात नव्हती. ती शिंकली तेव्हा होडी कुठे असेल? बोनी उभा असेल की बसलेला? त्याला उभं राहून सुकाणू धरायची घाणेरडी सवय. शंभरदा सांगितलंय त्याला.

"श्वास घे," बाजेवरून सेन्सिया म्हणाली. "श्वास घेतल्याने होडी बुडत नाही."

"तुम्हाला कसं जमायचं हो आई? अकरा दिवस!"

म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे कान मात्र तिखट होते. दोन घरं पलीकडे कुणी नवऱ्याला काय म्हणालं, ते तिला बाजेवरून कळायचं.

सुकाणूवाल्याचं घर म्हणजे गावातलं शेवटचं, बेटाच्या टोकाजवळ. चटईवरून समोरची खिडकी दिसते ती पूर्वेची. खिडकीबाहेर दोन मोठे खडक, आणि त्यांच्यामध्ये समुद्राची एक उभी पट्टी, चार बोटं रुंद. तिकडे कुणी बघत नाही, कारण तिकडे काही नाहीच. थेट आरू बेटांपर्यंत नुसतं पाणी. ओक्ताविना तीन दिवस त्या पट्टीकडे बघत होती, दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून. त्यामुळे त्या पट्टीत काही वेगळं आलं तर ते तिलाच दिसणार.

आलं. एक काळा ठिपका, त्यावर काहीतरी निळं हलत होतं. ठिपका डाव्या खडकाकडून उजव्या खडकाकडे सावकाश सरकत होता. निळी ताडपत्री. तुआलला जाताना त्यांनी शेवाळाच्या पोत्यांवर बांधलेली.

होडी आली होती, पण गावाच्या पाठीमागून चालली होती. इंजिन बंद पडलेलं असणार, वाऱ्याने रात्रीतून बेटाला वळसा घालून नेलेली, आणि आता वारा तिला पूर्वेला उघड्यावर ढकलत होता. माणसं ताडपत्री हलवत होती. गाव जेट्टीवर उभं राहून भलतीकडे बघत होतं.

"पेत्रोनेला!" ती ओरडली. "अगं कुणीतरी या! होडी मागे आहे! मागच्या अंगाला!"

जेट्टीवर प्रार्थनेचं गाणं सुरू झालं होतं. सत्तर-ऐंशी माणसं खड्या आवाजात गात होती. तिने घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. हाताशी असलेली कॉफीची वाटी भिंतीवर आपटली. अंगणातली कोंबडी तेवढी पळाली, बाकी कुणी आलं नाही.

"निळं आहे?" सेन्सियाने विचारलं.

"ताडपत्री आहे आई. आपलीच आहे. उजव्या खडकाशी चाललीय." ओक्ताविना रडायला लागली. "काय करू मी? मी उठले तर उलटेल."

"आंतोनचं शीड पांढरं होतं," सेन्सिया म्हणाली. आवाज अगदी साधा, दळण आणायला सांगावं तसा. "चौथ्या दिवशी, अशीच दुपारची वेळ. डाव्या खडकाकडून आलं आणि उजव्या खडकामागे गेलं. मी पण हाका मारल्या. मी पण वाटी फोडली."

ओक्ताविनाने तिच्याकडे वळून पाहिलं.

"आणि मग?"

"मग काय? बसले." म्हातारीने कोपरावर रेटून मान वर केली. "अजून सात दिवस बसले. तो गेला ते मला ठाऊक होतं, आणि लोक माझ्या पाया पडून जात होते. ऊठ."

"पण आई, मी उठले आणि होडी उलटली तर?"

"मी नाही उठले, तरी कुठे आली?" सेन्सिया ओरडली. एवढा आवाज त्या वाळक्या देहात कुठून आला देव जाणे. "ऊठ म्हणते ना! चटईची काळजी तू करू नकोस."

आणि तिने बाजेची कड धरून स्वतःला खाली लोटून दिलं. धप्पकन आवाज झाला. ओक्ताविना तिला उचलायला वळली, तर म्हातारीने कोपरांवर सरपटत येऊन चटईची कडा मुठीत धरली होती आणि दात आवळून म्हणत होती, "मला काय उचलतेस? जा! पळ, भवाने!"

ओक्ताविना उठली.

तीन दिवसांचे पाय. पायरीवर एकदा पडली, विहिरीपाशी एकदा. मग पायांना जुनी ओळख पटली आणि ती अशी पळाली, की तिच्या मागून तिच्याच घरचा कुत्रा भुंकत सुटला.

जेट्टीवर आधी तिला पाहिलं पेत्रोनेलाने, आणि तिने डोक्यावर हात मारून किंकाळी फोडली. गाणं तुटलं. उठली! सुकाणूची बाई उठली! दोघीतिघी तिथेच मटकन बसल्या. पेत्रोनेला तिच्या अंगावर धावून आली, "मारलंस गं! माझ्या नवऱ्याला मारलंस! चार माणसं बुडवलीस!"

"मागे आहेत!" ओक्ताविना धापा टाकत होती. "पूर्वेला, खडकांपलीकडे. इंजिन बंद आहे. लहान होड्या काढा."

गावचे मुखिया यर्मियास पुढे झाले. भला माणूस, पण पायरी चुकलेली त्यांना खपत नसे. "आधी परत जाऊन बस. आम्ही बघतो."

"किती वेळ बघणार? कालपासून तर बघताच आहात, तेही भलत्या बाजूला!" मुखियांशी असं गावात आजवर कुणी बोललं नव्हतं. "चटईवर बसायला माणूस आहे. मला होडी द्या."

"कोण आहे?"

"सेन्सिया आहे."

ते नाव निघालं आणि यर्मियास वाटेतून बाजूला झाले. सेन्सिया बसलीय म्हटल्यावर कुणी काय बोलणार? पेत्रोनेलाने डोळे पुसले, आणि दोर आधी सोडला तो तिनेच. दोन लहान होड्या निघाल्या. पहिलीत पुढच्या टोकाला ओक्ताविना, आणि ती बसायला तयार नव्हती. मागचा माणूस ओरडत होता, "बस बाई, नाहीतर आता खरंच उलटेल!"

होडी सापडली तेव्हा उन्हं कलली होती. बेट पाठीमागे बोटाएवढं राहिलं होतं. इंजिनात पाणी गेलेलं, सुकाणूचं पातं मोडलेलं, निम्मी होडी पाण्याने भरलेली, आणि चौघंही नारळाच्या करवंटीने पाणी उपसताहेत. बोनीने वर पाहिलं. बायको समोर उभी. त्याला आनंद झाला नाही, धडकी भरली.

"तू इथे?" तो म्हणाला. "मग चटईवर कोण आहे?"

तिने सांगितलं. करवंटी हातातच राहिली. मग मोठी होडी दोराने ओढत आणली, त्या सबंध वाटेवर तो मोडक्या सुकाणूपाशी बसून राहिला, आणि ओक्ताविना आपल्या होडीतून त्याच्यावर नजर ठेवून होती. जितका वेळ तो बसलेला होता तितका वेळ तिला बरं वाटलं.

जेट्टीवर लोक रडले, हसले, पेत्रोनेलाने नवऱ्याला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक गुद्दा घातला. बोनी मात्र थांबला नाही. ओल्या पायांनी तडक घरी निघाला. मागून ओक्ताविना, तिच्यामागून यर्मियास आणि अर्धं गाव.

सेन्सिया मधल्या खांबाला टेकून बसली होती. कंबरेखालचं अंग वेडंवाकडं पडलं होतं, कपाळावर घाम होता, पण पाठ सरळ होती आणि नजर खिडकीतल्या त्या पट्टीवर होती. बोनी तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याच्या पायांचं पाणी चटईवर पसरलं. त्याने तिचा हात धरला. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. आता दाढी वाढल्यावर, खारट पाण्याने केस चिकटल्यावर तो हुबेहूब आंतोन दिसायचा, असं जुनी माणसं म्हणायची.

"ऊठ, आई," तो म्हणाला.

सेन्सियाने वळून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दारात सगळे उभे होते. ओक्ताविनाला एकदम कळलं, की सुनेला दुपारी तो शब्द बजावून सांगणाऱ्या या बाईला आंतोनच्या वेळेला तो शब्द कुणी म्हटलाच नव्हता. चार बायकांनी नुसतं उचललं होतं.

"ऐकू नाही आलं," म्हातारी म्हणाली, जिला दोन घरं पलीकडचं ऐकू यायचं. "पुन्हा म्हण."