पांढऱ्या औषधाआधीचं एक मिनिट

माघातली सकाळ. दरीतून धुकं उठत होतं, शुभ्र, संथ, शब्दहीन. डोंगराच्या खांद्यावरून केशरी किरण उतरले, रुग्णालयाच्या काचेपाशी क्षणभर थबकले आणि ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या फरशीवर सांडले. त्या केशरी-हिरव्या शांततेत डॉक्टर हेमांगी तांबवेकर उभी होती. लेकरांना भूल द्यायचं काम तिचं, गेली एकोणीस वर्षं.

तिच्या हातात सिरिंज होती, आत दुधासारखं पांढरं औषध. दिसायला सोज्ज्वळ, स्वभावानं जहाल. कोवळ्या शिरेत शिरलं की जळत जळत चढतं, आणि जळता जळताच झोपवतं. मुलं नंतर विसरतात, असं सगळेच म्हणतात.

चैत्रालीला विसरायला सवडच मिळाली नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती सहा वर्षांची पोर, काळजाला छिद्र घेऊन आलेली. "मुंगी चावल्यासारखं होईल हं," हेमांगी म्हणाली होती. मुलांना सगळेच असं सांगतात. सर्जनची घाई चालली होती, म्हणून आधी हात बधिर करायचं ते एक मिनिट तिनं गाळलं. औषध गेलं आणि ते इवलं मनगट आक्रसलं. "मावशी, जळतंय! तू मुंगी म्हणालीस!" एवढंच. पापण्या मिटल्या. शस्त्रक्रियेत ते दमलेलं काळीज थांबलं. त्यात दोष कुणाचाच नव्हता. पण त्या जिवानं जगातून नेलेली शेवटची गोष्ट म्हणजे हेमांगीची थाप होती.

तेव्हापासून चैत्रालीचं ते वाक्य हेमांगीच्या घरात राहायला आलं. दूध तापवताना ऐकू येई, वेणी घालताना ऐकू येई, भर दुपारच्या गाढ स्तब्धतेत ऐकू येई. ती कुणाला सांगत नसे.

आज टेबलावर तानू होती, धनगरवाड्यावरची, सात वर्षांची, टॉन्सिलसाठी आलेली.

"मुंगी चावंल न्हवं? आई म्हनली."

"नाही गं. औषध जळतं, चांगलंच जळतं. म्हणून आधी तुझा हात झोपवू, मग तुला."

हेमांगीनं दंडाला रबरी पट्टी आवळली, सलाईनच्या सुईतून बधिर करणारं औषध सोडलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मॅडम, अजून चार केसेस आहेत," सर्जन जंगम म्हणाले.

"एक मिनिट."

काटा सरकत होता, थेंबाथेंबानं, युगायुगानं. टेबलापाशी, तानूच्या पायांकडे, चैत्राली उभी होती, मूक, मलूल, आपलंच मनगट धरून. हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली नाही.

मिनिट भरलं. पट्टी सुटली. पांढरं औषध नळीतून चढू लागलं. हेमांगीनं तानूच्या मनगटाकडे पाहिलं.

मनगट हललं नाही.

"आमच्या शेरडीला दोन करडं झाल्यात," तानू सांगत होती, "येक तांबडं, आन् येक..." दुसऱ्याचा रंग सांगायच्या आतच ती झोपली.

तासाभरानं दाराशी तिची आई उभी होती. "झोपताना रडली का वो माझी बाय?"

हेच, अगदी हेच, चैत्रालीच्या आईनं विचारलं होतं, पांढऱ्या चादरीशेजारी बसून. दुसरं काहीच विचारलं नव्हतं. आणि हेमांगी म्हणाली होती, "नाही."

आजही ती "नाही" म्हणाली. आज ते खरं होतं. तानूच्या आईनं हात जोडले. आणि त्या जोडलेल्या हातांमागे हेमांगीला दुसरे दोन हात दिसत राहिले, तिच्या खोट्यावर विश्वास ठेवून मांडीवर निवांत पडलेले.