तिसऱ्या अंकाआधी

पडद्यावरच्या नटानं विंगेत बायकोच्या कानशिलात लगावली, तेव्हा अंधारात बसलेल्या ताराबाईंनी फक्त पदर सारखा केला. पडद्यावरची तारा ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. शेजारच्या बाईनं हळहळून ताराबाईंच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

सिनेमा संपला, दिवे लागले. बऱ्हाणपूरचं ते सभागृह खच्चून भरलं होतं. नेपानगरच्या कागद कारखान्यातली जुनी माणसं सुना-नातवंडांना घेऊन आली होती. ताराबाईंचा नवरा धोंडू त्यांच्यातलाच होता. पाळी संपली की त्याची नाटकाची तालीम सुरू. मशीनवर राबणाऱ्या माणसांना त्यानं रंगमंचावर राजासारखं चालायला शिकवलं, आणि कुणी चुकलं की चारचौघांत त्याची लाज काढली. त्याच्या पश्चात त्याच्यावर सिनेमा काढला तो त्याच्याच मुलीनं, रोहिणीनं. वर्षभर ती आईला खोदून खोदून विचारत होती, बाबा कसे बोलायचे, कसे चिडायचे. ताराबाईंनी काही लपवलं नव्हतं. ती थप्पडही त्यांनीच सांगितली होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा अनिकेत नावाचा कॉलेजातला मुलगा उठला. असा माणूस हिरो कसा, त्यानं विचारलं. त्याचं संपतंय तोच धोंडूच्या नाटकांतला जुना नट पंडित ताडकन उभा राहिला. त्या माणसानं आम्हाला घडवलं, त्याच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणल्या, असं तो म्हणाला.

मंचावर बसलेल्या रोहिणीनं माइक तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. ती आईकडे बघत होती.

ताराबाई उठल्या. कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला.

"पंडितभाऊ, तुम्हाला त्यांनी घडवलं, मलाही घडवलं. आणि मारलंही. पोरीनं दोन्ही दाखवलं. मला तिचा अभिमान वाटतो."

पंडित खाली बसला. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ताराबाई उभ्याच होत्या.

"फक्त एक चुकलं, रोहिणी. मी रडली नव्हती."

ताराबाईंनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तिसरा अंक बाकी होता. तोंडाला पुन्हा रंग लावला आणि गेली. त्यांनी बसवलेलं काहीच केलं नाही त्या दिवशी. माझ्या मनानं केला अख्खा अंक. लोक उठून उभे राहिले. ते विंगेत होते, बघत. त्यानंतर त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, अन् मला काही शिकवलंही नाही."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"तू बाबांचंच विचारत होती, बेटा."

रोहिणीनं मान खाली घातली. मग ती उठली, आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "वर ये."

ताराबाई कुणाचा हात न धरता पायऱ्या चढल्या. खुर्चीकडे त्यांनी पाहिलंच नाही. दोन पावलं पुढे आल्या, किंचित डावीकडे सरकल्या आणि उजेड नेमका तोंडावर पडला तिथे थांबल्या.