पाठीमागची जागा

आपल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मशिनं कशी मांडायची यावर काका-काकूंचं उभ्या जन्मात एकमत झालं नव्हतं, पण यंदा प्रकरण अगदी हातघाईवर आलं. काकांना हॉलमध्ये आणखी एक मशीन कोंबायचं होतं. काकू म्हणाल्या, "खेळणाऱ्याच्या मागे माणूस उभं राहील एवढी जागा सोडा."

"कुणासाठी? फुकट्या बघ्यांसाठी?"

"लेकीसाठी. भांडून गेलेलं माणूस सरळ समोर येत नाही. आधी मागे उभं राहून अंदाज घेतं."

'पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस' हे दोन वर्षांपूर्वीचे शब्द काकांचेच. लेक तरी कुणाची! तिनं ते तंतोतंत पाळले. फोन करावा, तर ह्यांचा ताठा आडवा यायचा. आता तो ताठाही थकला होता म्हणा, पण कबूल कोण करणार?

"काय तुझं एकेक!" असं पुटपुटत त्यांनी खांदा लावून मशिनं सरकवली. नवं मशीन आल्या वाटेनं परत गेलं.

दुपारी हॉल रिकामा असे. पडदे ओढलेले, आणि मशिनं झोपेत बरळल्यासारखी आपापली वाजत असत. निळा-गुलाबी उजेड फरशीवरून हळूच सरकत जाई. अशा वेळी काका दोघांनी खेळायच्या जुन्या मशीनवर एकटेच खेळत. मग कुठली दुपार, कुठलं वर्ष, काही कळेनासं व्हायचं. लेक अजून स्टुलावर चढून शेजारी खेळतेय, असंही वाटून जाई.

अशाच एका दुपारी डाव संपला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि काचेत त्यांच्या खांद्यामागे लेक उभी दिसली.

काकांनी वळून पाहिलं नाही. याआधी कितीदा तरी ती अशी दिसली होती, आणि वळलं की मागे कुणी नसायचं. काच कसली, लबाड मेली!

"बाबा," मागून आवाज आला, "डावीकडून येणारा शत्रू अजून दिसत नाही वाटतं तुम्हाला?"

काकांचे डोळे भरून आले. मनात किती काय काय घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य वेळेला आठवेल तर शपथ! ते नुसते एका बाजूला सरकले, शेजारची बटणं मोकळी करून दिली.

"मला वळायचा धीर होत नाही गं," ते म्हणाले. "तूच ये पुढे."